बरगंडीची बाटली

दुबईत अल मनखूलमध्ये एक गृहस्थ आमच्या शेजारी राहायचे आणि मी कामाला होतो त्याच हॉटेलात वाइन वाढायचे. रस्ता ओलांडताना मध्येच थांबून मला समजावत. "फ्रान्समध्ये बरगंडीत असंच असतं बघा. वाटेच्या अलीकडचा द्राक्षमळा ग्राँ क्रू, म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा. पलीकडचा साधा. माती बदलली की खलास." गाड्या हॉर्न देत, मग मीच त्यांना ओढून नेई.

एका जुलैत अशाच एका ग्राँ क्रू मळ्याचे फ्रेंच मालक हॉटेलात दुपारी जेवायला आले. हॉटेलने मागवलेली त्यांच्या वाइनची पेटी बंदरावर उन्हात पडून खराब झालेली. "चुपचाप सर्व्ह करो," मॅनेजर आमच्या शेजाऱ्यांना म्हणाले. त्यांचा व्हिसा मॅनेजरच्या हातात होता. मी काउंटरवरून पाहत होतो.

शेजाऱ्यांनी बाटली उघडली, वास घेतला आणि ग्लास रिकामाच ठेवला.

"सर, मळा तुमचाच आहे," ते इंग्रजीत म्हणाले, "पण यात आमचा उन्हाळा शिरलाय. ही मी वाढणार नाही."

मालकांनी बाटली हुंगली, होकारार्थी मान हलवली आणि पाणी मागितलं. मॅनेजर पाहुण्यांसमोर हसत राहिले.

परतताना स्टाफ बसमध्ये शेजाऱ्यांनी मला हळूच विचारलं, "बायकोला आज सांगू, की नोकरी गेल्यावर?"

"आजच सांगा," मी म्हटलं.