पिवळा पट्टा

वॉटर पार्कमध्ये शिरताना मनगटावर एक पिवळा कागदी पट्टा बांधतात. तो हाताने तुटत नाही. परवा मी फाटकाजवळच्या बाकावर भाच्यांचे कपडे सांभाळत बसले होते, तेव्हा समोरच्या घसरगुंडीपाशी एका माणसाने तिथल्या कर्मचाऱ्याच्या कानाखाली मारली. त्याची मुलगी उंचीच्या खुणेपेक्षा बोटभर कमी भरली, म्हणून कर्मचाऱ्याने तिला वर सोडलं नव्हतं. एवढंच.

शिट्टी वाजली. दोन सुरक्षारक्षक आले. आवाज न चढवता त्यांनी त्याला फाटकाशी आणलं, कात्रीने पट्टा कापला आणि बाहेर काढलं. पाण्यात पुन्हा आरडाओरडा सुरू झाला. मला वाटलं, किती सोपं आहे हे! ज्याने हात उचलला त्याने बाहेर जायचं, बाकीच्यांनी खेळायचं. घराघरांत मात्र उलटंच. मारणारा आत पंख्याखाली बसतो आणि मार खाणारी मागच्या दारी येऊन डोळे पुसते. शिट्टी कुणीच वाजवत नाही.

एवढ्यात त्याची बायको ओल्या मुलीला टॉवेलात गुंडाळून फाटकाशी आली. रक्षक म्हणाला, "ताई, तुम्हाला कुणी जा म्हटलेलं नाही. थांबा दोघी, खेळा संध्याकाळपर्यंत."

ती क्षणभर पाण्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "नको दादा. जितका उशीर होईल, तितका त्यांचा राग वाढेल."

आणि तिने आधी मुलीचा हात कात्रीपुढे धरला, मग आपला.