आणखी दोन बोटं खाली

अप्पा दुकानात आले की आधी काही बोलत नसत. सायकल भिंतीला टेकवायची, उजव्या हाताची दोन बोटं जोडून कॅरियरच्या कडेला आडवी लावायची आणि मग म्हणायचं, "आणखी दोन बोटं खाली घ्या." माझ्या डोक्याला ताप तिथूनच सुरू व्हायचा.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. गंगाखेडला मी नुकतंच सायकलींचं दुकान टाकलं होतं. अप्पा लिंगायत वाणी. पेठेत त्यांचं किराणा दुकान. कपाळाला भस्म, पांढरं धोतर आणि उंची एवढी की माझ्या दुकानात त्यांना वाकून यावं लागे. माझ्याकडून कोरी सायकल घेणारे ते पहिले. अठ्ठावीस इंची चाकं, बारीक टायर. हैदराबादहून सुटे भाग आणून मी ती स्वतः जोडली होती. ही सायकल गावात फिरली की आपलं नाव होणार, या खुशीत मी होतो.

तीन आठवड्यांत अप्पा ती घेऊन परत हजर. "चाकं बारकी बसवा. टायर जाड पाहिजेत."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण हा माणूस थट्टा करणाऱ्यातला नव्हताच.

"अप्पा, तुमी एवढे उंच. बारक्या चाकावर गुडघे हनुवटीला लागतील की."

"लागू द्या."

"जाड टायर जड चालतो. घाम निघंल."

"निघू द्या."

"पण कशापायी?"

"लागतंय तसं."

आता तुम्हीच सांगा, अशा माणसापुढं काय डोकं फोडायचं? चांगली चाकं उतरवून मी खिळ्याला टांगली आणि सव्वीस इंची बसवली. जाड टायर चाक धरणाऱ्या चिमट्यात जाईना, म्हणून चिमटा फाकवला. ब्रेक रिमपर्यंत पोचेनात, म्हणून त्यांच्या सळ्या वाढवल्या. दोन दिवस मोडले. आठ दिवसांनी अप्पा आले आणि दोन बोटं लावली. चाक दोन इंचांनी लहान केलं तरी कॅरियर एकच इंच खाली येतं, हे मी त्यांना जमिनीवर रेघा ओढून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग चोवीसची बसवा," म्हणाले.

बसवली. सायकलीची पार रया गेली. अप्पा तिच्यावरून जायला लागले की पेठ हसायची. स्टेशनवरच्या टांगेवाल्यानं तर मला भर रस्त्यात विचारलं, "क्या उस्ताद, घोडे को गधा बना दिये?" हसू अप्पांचं होत होतं, पण नाव माझं जात होतं.

आणि तरी पुन्हा बोटं लागलीच. तेव्हा मात्र मी भडकलो. "अप्पा, ह्याच्यावर तुमी गुळाच्या ढेपाच नेणार ना? ढेपीला चढायला काय पाय हायत का?" त्यांनी खाली बघितलं. सायकल उचलली आणि निघून गेले.

त्याच आठवड्यात एका कामासाठी मी सोनपेठच्या वाटेनं चाललो होतो. गावातलं शेवटचं घर मागं पडल्यावर लिंबाखाली अप्पा दिसले. सायकल डावीकडे कलती करून, दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे. शेजारी त्यांची बायको, हातात काठी. एक पाय आखूड. बैलगाडीतून पडून कंबरेचं हाड मोडलं होतं, ते वाकडंच जुळलं. ती दगडावर उभी राहून कॅरियरवर बसायला बघत होती आणि दर वेळी अर्ध्यातच थांबत होती. दोन बोटांचंच अंतर होतं. चौथ्या वेळी बसली एकदाची. पदर सारखा केला आणि म्हणाली, "हं, चला."

तेवढ्यात मी समोर. अप्पा गोरेमोरे झाले. बोलली ती. "आई अंथरुणाला खिळलीय, दादा. तीन कोसावर हाय, पण चार वरसं झाली तोंड बघून. गाडीचे धक्के सोसत न्हाईत."

"अहो अप्पा, मग तोंडानं सांगायचं की."

"घरच्या माणसाचं दुकानात कसं सांगावं?" अप्पा म्हणाले.

मला त्यांचा असा राग आला म्हणता. पहिल्याच दिवशी बोलले असते तर लहान चाकाबरोबर कॅरियरचे पायही कापून दिले असते. मी माप घेत बसलो होतो त्यांच्या टांगांचं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून सायकल मीच मागून आणली, कॅरियर दोन बोटं खाली घेतलं आणि वर गोधडीची घडी शिवली.

मग दर सोमवारी त्यांची फेरी ठरलेली. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, त्यात बारीक टायर अडकतो. हा जाड टायर वरून निघून जायचा. आईच्या शेवटच्या दिवसांत लेक जवळ होती, ती त्या गाढवामुळं. पेठ हसायची ती हसतच राहिली. मी मात्र ऐकून घेणं सोडलं होतं.

दोन पावसाळ्यांनंतर तापाचं निमित्त होऊन अप्पांची बायको गेली. मातीला मीही गेलो होतो. महिन्याभरानं अप्पा दुकानात आले. बोटं लावली नाहीत. "मोठी चाकं लावा," म्हणाले.

हे ऐकायला मी केवढा तरसलो होतो. आता ऐकवेना. "राहू द्या की अप्पा. वाट खराब हाय. टायर अजून चांगले हायत."

"जड चालती."

"चालू द्या."

"लावा," अप्पा म्हणाले.

खिळ्यावरची चाकं मी पुसली आणि बसवली. कॅरियरचे पाय पुन्हा वाढवले. सायकल पहिल्यासारखी देखणी झाली. अप्पांनी ती रस्त्यावर नेली, डावीकडे कलती केली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले. बराच वेळ तसेच उभे. मागं वळून बघेनात, पाय टाकेनात.

शेवटी मीच म्हणालो, "हं, चला."

तेव्हा ते गेले.