विहिरीच्या पाण्यातलं पेट्रोल

कोथरूडच्या पलीकडचं आमचं गाव शहरात गेलं, तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. बरीचशी जमीन विकून झाली होती. उरली होती विहीर आणि तिच्यावर पिकणारा भाजीचा एक तुकडा. वरच्या अंगाला, रस्त्यालगत, पेट्रोल पंप होता.

एका सकाळी म्हशीनं पाण्याला तोंड लावलं नाही. आईनं ओंजळभर पाणी नाकाशी नेलं आणि मला हाक मारली. पाणी नितळ होतं. तवंग नाही, रंग नाही. वास मात्र पेट्रोलचा.

वडील आणि मी बाटली भरून वॉर्ड ऑफिसात गेलो. साहेबांनी ती उजेडात धरली.

"अहो, तेल आणि पाणी मिसळत नाही, हे तिसरीतल्या पोरालाही ठाऊक असतं. पेट्रोल असतं तर वर तरंगलं नसतं का?"

मीही तेच शिकले होते.

दुसऱ्या दिवशी बाटली कॉलेजात रसायनशास्त्राच्या बाईंना दाखवली. त्यांनी बूच उघडून लगेच बंद केलं.

"मिसळत नाही असं आपण म्हणतो, पण थोडं विरघळतंच. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात, परक्याला सहजी आत घेत नाहीत. तरी मधेमधे जागा होते आणि पेट्रोलचे मोजके रेणू तिथं शिरतात. ते दिसत नाहीत, पण पाणी नासवायला तेवढे पुरतात."

"मग काढायचे कसे?"

"बाटलीतून काढता येतील. पण झऱ्यातूनच येत असतील, तर विहिरीतून कसे काढणार?"

घरी येऊन मी सगळं समजावलं. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुला समदं कळतंय. मंग उपाय काय हाय?"

त्यांनी मोटार लावून तीन दिवस विहीर उपसली. तळ दिसला, नवं पाणी आलं, वास तोच. भाजी वाळली. म्हैस मामाकडे पाठवली. प्यायला टँकरचं पाणी येऊ लागलं.

तरीही वडील रोज सकाळी बादली सोडायचे, वाकून वास घ्यायचे आणि आईला म्हणायचे, "आज जरा कमी हाय."

मग मला वास घ्यायला लावायचे. मी "हो" म्हणायचे.