ट्रामचे रूळ आणि माझी रेघ

आजवर मी मन लावून लिहिलेलं सगळ्यात मोठं लिखाण म्हणजे तीन अर्ज. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून अर्ज लिहायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. त्यापलीकडचं काही लिहायचा अधिकार मला आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वाचणाऱ्याचा वेळ वाया गेला तर आधीच माफी मागतो. अर्जात ‘विषय’ लिहावा लागतो. इथे तो लिहायचा झाला तर रूळ असा लिहीन.

आमचं गाव नगर जिल्ह्याच्या उत्तरेकडे, कालव्याच्या पट्ट्यात आहे. तिथे एक जुना साखर कारखाना होता. शेतातला ऊस कारखान्यापर्यंत आणायला त्याने अरुंद रूळ टाकले होते आणि त्यांवरून डबे ओढणारं एक छोटं इंजिन चालायचं. जुनी माणसं त्याला ट्राम म्हणत. खरी ट्राम आमच्या गावात कुणीच पाहिलेली नाही. माझ्या जन्माआधीच इंजिन गेलं, मग कारखाना बंद पडला आणि शेतांतले रूळ हळूहळू नाहीसे झाले. गावातून तालुक्याला जाणारा डांबरी रस्ता ते जिथे ओलांडत होते, तिथले तेवढे राहिले.

ते रस्ता सरळ ओलांडत नाहीत, तिरके जातात. रुळाच्या कडेचं डांबर झिजून तिथे खाच पडली आहे, आणि ती सायकलच्या टायरएवढीच रुंद आहे. मोटारसायकलचं चाक तिच्यात जात नाही. गाडीत बसलेल्याला तर नुसता एक हलका धक्का बसतो. सायकलचं चाक मात्र आत जातं आणि रुळाच्या दिशेने वळतं. माणूस रस्त्याच्या दिशेने जात असतो, त्यामुळे तो पडतो. उसाच्या दिवसांत वर पाचट सांडलेलं असतं, मग अजूनच लवकर पडतो.

शेजारी एक चहाची टपरी आहे. कुणी पडलं की तिथल्या बाकावरून विचारणा होते, “फाडलं का तिकीट?” ट्रामने तिकीट फाडलं, म्हणजे पडला. दूधवाला पडला आणि दोन्ही किटल्या रस्त्यावर रिकाम्या झाल्या, तेव्हाही हेच विचारलं गेलं. मीही लहानपणी हसलो आहे. दहावीत असताना मी स्वतः पडलो आणि हनुवटीला टाके पडले, तेव्हा हसणं बंद केलं.

माझी बहीण माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दहावीला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. तिने सायन्स घेतलं. ज्युनिअर कॉलेज तालुक्याला, सात किलोमीटरवर. कॉलेज सकाळी साडेसातला भरतं आणि आमच्या गावाला पहिली एसटी दहा वाजता येते. म्हणजे सायकल. ती आणि गावातल्या आणखी तीन मुली रोज एकामागे एक जायच्या.

मी तेव्हा नगरला पहिल्या वर्षाला होतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तर बहिणीचा कोपर सोललेला. ट्रामवर पडली होती. मला वाटलं, आपण शिकतो आहोत तर याचा काही उपयोग व्हायला हवा. मी रुळाजवळ बसून बराच वेळ चाकं पाहिली. तिरकं गेलं की चाक अडकतं, काटकोनात गेलं की अडकत नाही. एवढं साधं होतं. शाळेतून कबड्डीचं मैदान आखायची चुन्याची फक्की आणली आणि रस्त्यावर एक रेघ मारली. डाव्या कडेने यायचं, रुळाच्या अलीकडे उजवीकडे वळायचं, रूळ आडवा ओलांडायचा आणि पुन्हा डावीकडे यायचं. टपरीवरून आवाज आला, “इंजिनियर आले बघा.” पण दुसऱ्या दिवशी त्यांच्यातलाच एक म्हातारा रेघेवरून गेला आणि पडला नाही. त्याने लांबून हात वर केला. मला इतका आनंद झाला की आज तो आठवायलाही नको वाटतो.

सुट्टी संपल्यावर मी नगरला परत गेलो. चुना काही दिवसांतच पुसला जातो. बहीण दर सोमवारी शाळेतून मूठभर फक्की आणायची आणि रेघ पुन्हा ताजी करायची. फोनवर मोठ्या कौतुकाने मला सांगायची की एका महिन्यात कुणाचंच तिकीट फाटलं नाही.

ज्या गोष्टीचा मी विचार केला नव्हता ती ही. रूळ काटकोनात ओलांडायचा तर सायकल रस्त्याच्या मध्यावर न्यावी लागते. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होते आणि त्या रस्त्याने दुसऱ्या कारखान्याचे ट्रॅक्टर जातात, मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला ऊस आणि पुढे मोठ्याने लावलेली गाणी. दिवाळीत मी चाकं पाहिली ती सगळी सायकलींची. मागून काय येतं ते पाहिलंच नाही.

एका सकाळी कॉलेजला जाताना बहीण रेघेवरच होती. टपरीवाल्याने तसं सांगितलं. ट्रॅक्टर पुढे गेला, पण मागच्या ट्रॉलीतल्या उसात तिची ओढणी अडकली. ती पडली आणि डावा पाय रुळावर आपटून घोट्याचं हाड मोडलं. आत सळई घातली आहे. ट्रॅक्टर थांबला नाही. ड्रायव्हरला कळलंच नसावं, असं सगळे म्हणतात. मीही तसंच म्हणतो, कारण दुसरं काही धरून बसलं तर झोप लागत नाही.

गाव मला काही बोललं नाही, याचा मला अजून राग येतो. येणारे-जाणारे तिच्या खाटेजवळ उभे राहून तिलाच म्हणाले की बघून चालवायची, पोरींना घाई फार. मी दाराशी उभा होतो. रेघ कुणी मारली हे प्रत्येकाला माहीत होतं. सगळे गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं.

“मी रेघच बघत हुते, दादा,” ती म्हणाली. “मागं बघायचं तू सांगितलं न्हवतं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. गणितात कुठली पायरी राहिली ते दाखवावं तसं ती सांगत होती.

प्लास्टर निघायच्या आत वडिलांनी निर्णय दिला. आमचे अण्णा मोठ्याने बोलणारे नाहीत. ते म्हणाले, “रूळ हायेत तवर ती त्या रस्त्यानं जायची न्हाई. रूळ निघू दे, दुसऱ्या दिवशी मी सोता सायकल पुसून देतो.” बारावी बाहेरून देता येते असं मी सांगून पाहिलं. पण बहिणीचं सायन्स होतं आणि प्रॅक्टिकल घरी होत नाही. तिची पुस्तकं फळीवर गेली आणि ती आईबरोबर कांदे काढायला जाऊ लागली.

म्हणून मी अर्ज लिहायला लागलो. पहिला अर्ज ग्रामपंचायतीत दिला. रस्ता आमचा नाही, असं उत्तर मिळालं. दुसरा, रस्ता ज्यांचा त्यांच्या तालुक्याच्या ऑफिसात. तिथे कळलं की रस्ता त्यांचा, पण रूळ कारखान्याचे. मग कारखान्याच्या गेटवर गेलो. आत बाभळी वाढलेल्या आणि गेटवर एक वॉचमन. त्याने अर्ज नीट वाचला आणि परत दिला. म्हणाला, “कारखान्यात आता मीच राह्यलोय. माझ्या सहीनं निघतील का रूळ?” या सगळ्या खेपांत माझ्याशी सरळ बोललेला तेवढाच.

तिसरा अर्ज मी नगरला वरच्या ऑफिसात दिला. सोबत फोटो जोडले, रुळाचे आणि बहिणीच्या एक्स-रेचे. टेबलावरच्या साहेबांनी विचारलं, अपघाताची पोलिसात नोंद आहे का? मी नाही म्हणालो. मग अपघात झाला कशावरून, असं त्यांनी विचारलं. टिंगल नव्हती, त्यांना खरंच कागद हवा होता. मी एक्स-रेच्या फोटोवर बोट ठेवलं. ते म्हणाले, हा पाय आहे, यात रूळ कुठे दिसतो? बाहेर येऊन जिन्यात बसल्यावर तीन-चार उत्तरं सुचली.

त्यानंतर एक पावसाळा गेला, दुसरी तोड सुरू झाली. बाकीच्या तिन्ही मुली बारावीत गेल्या. त्या रूळ आले की उतरून सायकल हातात धरून जातात. हे साधं शहाणपण मला का सुचलं नाही, असं बहिणीने एकदाही विचारलं नाही. मी स्वतःला रोज विचारतो. मला काटकोन सुचला, कारण मी कॉलेजात होतो.

गेल्या आठवड्यात दुपारी हॉस्टेलवर तिचा फोन आला. तिसऱ्या अर्जाचं उत्तर घरच्या पत्त्यावर आलं होतं. अण्णांनी ते तिच्या हातात दिलं, कारण घरात वाचणारी आता तीच. मी म्हणालो, वाच. शाळेत धडा वाचावा तशी ती सावकाश वाचत गेली, संदर्भ, दिनांक, सगळं. मधलं वाक्य असं होतं: “अभिलेखानुसार सदर ठिकाणचे रूळ यापूर्वीच काढण्यात आलेले असल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.”

मला वाटलं तिने चुकीचं वाचलं. तिला पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तेच आलं.

फोनमध्ये मागे आई चूल फुंकत असल्याचा आवाज येत होता. मग बहीण म्हणाली, “सरकारच्या कागदात रूळ निघालेत, दादा. अण्णांना सांग की, माझी सायकल पुसा म्हणावं.”

मी हसेन असं तिला वाटलं असावं. ती थांबून राहिली होती.

“कधी सांगतो?” तिने विचारलं.