होसकोट्याजवळची गढी आणि नागोजीरावांची दुरुस्ती

नागोजीरावांची आणि माझी पहिली भेट ही माझ्या फजितीची गोष्ट आहे, म्हणून ती आधी सांगून टाकते. पुण्याहून नोकरीसाठी बंगळुरूला येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. आठवडाभर एचएसआर लेआउटमधल्या ऑफिसात संगणकासमोर बसायचं आणि रविवारी जुन्या घरांचे फोटो काढत हिंडायचं, एवढाच माझा इतिहासाशी संबंध. तेवढ्या भांडवलावर मी त्यांच्या मल्लेश्वरममधल्या घरी लॅपटॉप घेऊन गेले आणि एका घराचं मी केलेलं रंगीत चित्र ऐटीत दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून ते नीट पाहिलं. "छान आहे. याचं दार आत उघडतं की बाहेर?" मला सांगता येईना. "सरी, ठीक आहे. त्या घरच्यांना विचारून ये, मग बोलू," ते म्हणाले.

त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, त्यामुळे बोलण्यात कन्नड शब्द येतात; आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणतो. सरकारी खात्यात नकाशे काढण्याची नोकरी सांभाळून त्यांनी शहराभोवतीची जुनी घरं मोजली, कागदावर उतरवली. त्यांचा एक नियम आम्हां शिष्यांना पाठ आहे. माप घेताना टेपचं दुसरं टोक घरच्याच माणसाच्या हाती द्यायचं. टेप धरलेलं माणूस गप्प बसत नाही, असं ते म्हणतात.

मध्यंतरी माझी नोकरी गेली. सांत्वनाचे फोन पुष्कळ आले. अण्णा मात्र दोन बस बदलून माझ्या घरी हजर! एका हातात बिसी बेळे भाताचा डबा, दुसऱ्या हातात नकाशांची गुंडाळी. "स्वल्प काम आहे. रडायचं असेल तर रड, पण रेघ सरळ आली पाहिजे." त्या महिन्यात मी वेडी झाले नाही, याचं श्रेय त्या रेघांना आहे.

पण त्यांची खरी ओळख मला होसकोट्याजवळच्या एका गढीत झाली. गढी म्हणजे उंच तटाचं, एका कोपऱ्यात बुरूज असलेलं घर. अण्णांनी तरुणपणी तिच्यावर लेख लिहिला होता. बुरुजातली भोकं म्हणजे बंदुका रोखायच्या जंग्या, गढी एका सरदाराची आणि तिथे राहणाऱ्या कुटुंबाचे पूर्वज तिचे राखणदार, असं त्यांचं म्हणणं. त्याच लेखाने त्यांचं नाव झालं. घराचे आताचे मालक, त्याच कुटुंबातले मंजुनाथ, यांना ते पाडून गोडाऊन बांधायचं होतं. सरदाराच्या वास्तूला हात कसा लावायचा, एवढ्याच संकोचाने ते थांबले होते. त्यांच्या थोरल्या बहिणीने, अक्कांनी, अण्णांना निरोप धाडला: येऊन भावाला दोन शब्द सांगा.

आम्ही गेलो. अण्णांनी सवयीने आधी बुरूज मोजायला घेतला आणि टेपचं टोक अक्कांच्या हाती दिलं. अण्णा बुरुजातल्या फळ्यांवर उभे राहून भोकांची उंची सांगत होते, तेवढ्यात अक्का सहज म्हणाल्या, "ह्या फळ्या आमच्या अप्पांनी घातल्यात की. आधी इथं उभं राहायला जागाच नव्हती. वरून रागी ओतायची, खालून काढायची. भोकं धान्याला वारा लागायला."

अण्णांनी फळ्यांखाली वाकून पाहिलं. जिथे त्यांनी बंदूकधारी उभे केले होते, तिथे मुळात जमीनच नव्हती. पहिल्या वेळी टेप त्यांनी कचेरीतल्या शिपायाला धरायला दिली होती, घरातल्या बायकांना काही विचारलंच नव्हतं.

मी हळूच म्हणाले, "अण्णा, आज नका सांगू. घर वाचू दे, दुरुस्ती मग छापा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आजही ते आठवून कान तापतात. ते तडक अंगणात गेले.

"मंजुनाथ, मी चुकीचं लिहिलं. इथे सरदार नव्हता. हा तट शेतकऱ्यांनी बांधला, लुटारूंपासून धान्य राखायला. जमिनीचे जुने कागद तुमच्याच घराण्याच्या नावाचे आहेत. ते पाहूनही माझ्या हट्टापायी मी तुमच्या पूर्वजांना राखणदार ठरवलं. माफ करा."

संपलं सगळं, असं मला वाटलं. अक्का पदराने डोळे टिपत होत्या. मंजुनाथ बुरुजाकडे वळले.

"म्हणजे हे आमच्याच लोकांनी बांधलं?"

"तुमच्याच."

"मग गोडाऊन रस्त्याकडच्या शेतात होऊ दे," ते म्हणाले आणि पाणी आणायला आत गेले.

हे असं होईल हे अण्णांना ठाऊक नव्हतं, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे. घर जाईल असं धरूनच ते बोलले होते. पुढे त्यांनी 'माझी चूक' अशा सरळ मथळ्याखाली दुरुस्ती छापली आणि ती चूक दाखवून देणारीचं, अक्कांचं, नाव पहिल्याच ओळीत घातलं.

अण्णा आज पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांचे गुडघे, डोळे आणि हात असेच साथ देत राहोत. आम्ही शिष्यांनी खूप लिहिलंय आणि त्यात चुका असणारच. आपलं छापलेलं आपल्या हाताने खोडायचं धैर्य आम्हांला येईपर्यंत तरी त्यांनी आमच्यात असावं, आणि खरं सांगायचं तर, ते धैर्य यायची आम्हांला अजिबात घाई नाही.