किलोकाकूंची हलकी बंदूक

किलोकाकूंना कोणीही पहिल्यांदा भेटलं की त्या नावाच्या आधी वजन विचारत. ग्लासगोला आल्यावर पहिल्याच गणपतीत, आरतीनंतर शिऱ्याची वाटी हातात घेऊन मी कोपऱ्यात उभा होतो, तेव्हा एका ठेंगण्या, करड्या केसांच्या बाई समोर आल्या आणि म्हणाल्या, "वजन किती रे तुझं?" मी पुण्याचा असूनही मला उलट उत्तर सुचलं नाही. मुकाट्याने सांगितलं, बहात्तर. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "म्हणजे दीडशे मिलिग्रॅममध्ये गार होशील," असं म्हणून त्या शिऱ्याची दुसरी वाटी आणायला गेल्या.

काकू भूलतज्ज्ञ होत्या. मूळच्या मालवणच्या, शिकल्या मिरजेला, आणि पुढची तीस वर्षं त्यांनी इथल्या इस्पितळात लोकांना झोपवण्यात घालवली. भुलीचं औषध वजनावर ठरतं, त्यामुळे माणूस दिसला की त्यांना आधी आकडा दिसे. इथल्या मराठी मंडळातली पोरं त्यांना तोंडावर किलोकाकू म्हणत आणि काकूंना ते एखाद्या पदवीसारखं वाटे. आता त्या साउथहॅम्प्टनला लेकीकडे राहतात. दर रविवारी फोन येतो, पहिला प्रश्न तोच असतो, आणि मी दोन किलो कमी सांगतो.

त्यांचे यजमान नाना म्हणजे दुसरं टोक. साताऱ्याकडचे, माळकरी, अंड्याचा केकसुद्धा वर्ज्य. निवृत्त झाल्यावर त्यांनी शहराच्या उत्तरेला दीड तासावर डोंगराचा एक ओसाड उतार विकत घेतला आणि त्यावर ओक, बर्च, रोवनची चारशे रोपं लावली. "इथं सावली नको असते हो नाना, ऊन हवं असतं," असं मी म्हटलं तर म्हणाले, "सावली माझ्यासाठी नाही. ह्या डोंगराला लाज वाटत असेल, म्हणून." पहिल्याच हिवाळ्यात हरणांनी चारशेच्या चारशे रोपांचे शेंडे खाल्ले.

नानांनी अहिंसेचे सगळे उपाय केले. साबणाच्या वड्या टांगल्या, न्हाव्याकडून केस आणून पसरले, शेवटी बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर झाडाखाली ठेवून भजनं लावली. दुसऱ्या शनिवारी गेलो तर टेपरेकॉर्डरच्या भोवतीनंच हरणांच्या लेंड्या. काकू म्हणाल्या, "बघा, सत्संगाला बसली होती." शेजारच्या मोठ्या इस्टेटीवर ह्यूई नावाचा नोकरीतला शिकारी होता. त्याने मान हलवून सांगितलं, "नो वुल्व्ह्ज लेफ्ट हिअर, डॉक्टर. सो इट्स मी." लांडगे संपले, आता लांडग्याचं काम माणसानंच करायचं. त्या रात्री काकूंनी जेवताना जाहीर केलं की त्या बंदूक शिकणार आहेत. नाना ताक पीत होते, ते ठसक्याने टेबलावर गेलं.

तेव्हा काकूंचं वय बासष्ट. पण त्या ह्यूईच्या हाताखाली अशा शिकल्या की तोच दबून वागू लागला. बोल्ट-ॲक्शन रायफल म्हणजे काय, ते त्यांनी मला स्वयंपाकघराच्या दारावर समजावलं होतं. "ही आपली दाराची कडी. कडी वर, मागे, पुढे, खाली. एक गोळी आत गेली. परत मारायची तर परत कडी. म्हणून पहिलीच नीट लागली पाहिजे." आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य, जे त्या पेशंटबद्दल आणि हरणाबद्दल एकाच आवाजात म्हणत: "त्याला कळताही कामा नये."

परवाना ही निराळीच गंमत. अर्जावर ओळखीच्या दोन माणसांची नावं लागतात, त्यातला एक मी. पोलिसांचा फोन आला, बाई शांत स्वभावाच्या आहेत का? मला लगेच आठवलं की साबुदाण्याची खिचडी चिकट झाली म्हणून काकूंनी मंडळाच्या खजिनदाराला किती सुनावलं होतं. "ऑफिसर," मी म्हणालो, "शी हॅज कामड डाउन थाउजंड्स ऑफ पीपल." हे अक्षरशः खरं होतं. मग बंदुकीचं पोलादी कपाट भिंतीत ठोकून बसवलं गेलं, साड्यांच्या कपाटाच्या आत, पैठणीला लागून. कायद्याप्रमाणे त्याची किल्ली कुठे आहे हे दुसऱ्या कोणालाही कळता कामा नये, नवऱ्यालाही नाही. नानांनी घरभर शोधली, निव्वळ कुतूहल म्हणून. किल्ली होती सुक्या सोड्यांच्या डब्यात, जो नाना चिमट्यानेही उचलत नसत. हे काकूंनी, पोलिसांना परवाना परत केल्यावर, मला साउथहॅम्प्टनहून सांगितलं, आणि फोनवर इतक्या हसल्या की लेक धावत आली.

एकदा मी त्यांच्याबरोबर डोंगरावर गेलो होतो. ते दृश्य मी विसरणार नाही. पुढे काकू, हातात काठी, खिशात गोळ्या. मागे नाना, डोक्याला कानटोपी, गळ्यात तुळशीची माळ आणि खांद्यावर रिकामी रायफल. परवानेवाल्याच्या देखत, त्याच्याच कामासाठी दुसऱ्यानं बंदूक वाहिलेली चालते, हे नानांनी कायदा वाचून शोधून काढलं होतं. मी विचारलं, नाना, तुम्ही आणि बंदूक? "मी हमाल," नाना म्हणाले. "हमालाला पाप लागत नाही." वर पोचल्यावर त्यांनी रायफल काकूंच्या हातात दिली, पाठ फिरवली, डोळे मिटले आणि कानांत बोटं घातली. गोळी सुटली. काकू म्हणाल्या, "झालं. वळा आता." नाना वळले आणि हळूच विचारलं, "कळलं का गं त्याला?"

"नाही. झोपला," काकू म्हणाल्या.

हे दर वेळी असंच होई म्हणे. रोपं दुसऱ्यांदा लावली होती आणि यावेळी ती वाढत होती. नानांचं गणित सोपं होतं: शेंडे हरणाच्या तोंडाच्या वर गेले की आपण सुटलो, हरणं सुटली आणि काकूंची बंदूकही सुटली. अजून दोनच हिवाळे, असं ते म्हणायचे.

त्यांना एकही पुरा मिळाला नाही. नोव्हेंबरमध्ये एका पहाटे नाना झोपेतच गेले. आम्ही गेलो तेव्हा काकू खुर्चीत ताठ बसल्या होत्या. "तीस वर्षं मी लोकांना झोपवलं," त्या म्हणाल्या. "हा माणूस मला न विचारता झोपला." कोणाला हसावं की रडावं कळेना. आम्ही दोन्ही केलं.

फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. "बंदूक फार जड झालीय रे. साडेचार किलो. मला चढवत नाही. हरणं झाडांचे शेंडे पुन्हा खायला लागलीत. शनिवारी गाडी काढ." एकाहत्तर वर्षांच्या बाईला बंदूक जड वाटणारच, त्यात मला काही विशेष वाटलं नाही. आणि मग हलकी बंदूक निवडण्याचं ते प्रकरण सुरू झालं, ज्यात माझे पाच शनिवार गेले. बायको म्हणाली, आपला सोफा तू वीस मिनिटांत घेतलास.

काकूंच्या पर्समध्ये बॅगा तोलायचा हातकाटा असे, भारतात जाताना तेवीस किलोच्या आत बसवण्यासाठी आपण सगळे वापरतो तो, हूकवाला. दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी पहिली रायफल पट्ट्याने त्या हुकाला टांगली. दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मॅडम, द वेट इज ऑन द लेबल."

"माय डिअर," काकू म्हणाल्या, "पेशंट्स ऑल्सो टेल यू देअर वेट." आणि माझ्याकडे वळून, "हा पण दोन किलो चोरतो."

मग प्रश्नांची सरबत्ती. हे वजन नुसतं, की दुर्बिणीसकट? आवाज दाबायची नळी पुढे लावली की किती? गोळ्या भरल्यावर? आणि पावसात भिजल्यावर? लाकडी दस्ता पाणी पितो हे त्यांचं ठाम मत होतं, "इथल्या पावसात माणूस फुगतो, लाकडाचं काय घेऊन बसलास." एक रायफल नळी बारीक म्हणून आवडली, पण कडी करकरत होती. दुसरीची कडी लोण्यासारखी, पण दस्ता लांब. "ही सहा फुटी माणसासाठी आहे. मी पाच फूट पण नाही. माझं गाल कुठे टेकायचं?" माझा गाल, मी मनात दुरुस्त केलं, पण काकू चिडल्या की त्यांचं लिंग-वचन सुटे. प्रत्येक रायफल त्या भिंतीकडे रोखून डोळे मिटून धरत आणि दहा श्वास मोजत. मी शेजारी कोट धरून उभा. एका दुकानात मला विचारलं, तुम्ही मुलगा का? काकूंनी परस्पर सांगितलं, "नो, नो. ही इज द हमाल." दुकानदार मला बराच वेळ मिस्टर हमाल म्हणत होता.

पाचव्या शनिवारी ती सापडली. काळ्या प्लॅस्टिकचा आखूड दस्ता, बारीक नळी, मऊ कडी, काट्यावर दोन किलो चारशे. काकूंनी ती एका हाताने उचलली आणि त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला. परवान्यावर तिची नोंद होईपर्यंत मार्च संपत आला. ह्यूईने मातीच्या बांधावर कागदी लक्ष्य लावलं. काकू आडव्या झाल्या, कडी लावली, श्वास सोडला, आणि धाड! गोळी कागदाच्या मधोमध गेली. बंदूक मात्र मागे येऊन दुर्बिणीची कड काकूंच्या भुवईत घुसली. बारीक चंद्रकोर उमटली आणि तिच्यातून रक्त.

"आय डिड से, डॉक्टर," ह्यूई पट्टी शोधत म्हणाला. "लाइट टू कॅरी, नो फन टू शूट."

मी धावलो. काकू मातीत बसून होत्या, रुमाल कपाळाला. मला वाटलं आता ह्यूईची खरडपट्टी निघणार. पण त्या रडत होत्या. नाना गेले तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. "बघ ना," त्या म्हणाल्या, "वजन कमी केलं की धक्का जास्त बसतो. एवढं साधं मला कळू नये." मग नाक पुसून म्हणाल्या, "ती जुनी बंदूक जड नाही झाली रे. ती होती तेवढीच आहे. मी ती डोंगरावर कधी उचललीच नव्हती."

मला फार लाज वाटली. पाच शनिवार मी कोट धरून उभा होतो आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही.

"काकू," मी म्हणालो, "दुकानदाराला तुम्ही माझी ओळख करून दिलीच आहे. आता कामाला तरी लावा."

त्यांनी रुमालाखालून माझ्याकडे पाहिलं. "वजन किती तुझं?"

"एकोणऐंशी." या वेळी खरं सांगितलं.

"चालेल," काकू म्हणाल्या. "उतरेल चार किलो."

पुढच्या शनिवारी आम्ही गेलो. पुढे काकू, भुवईला पट्टी, हातात काठी, खिशात गोळ्या. मागे मी, खांद्यावर साडेचार किलो, बुटांत चिखल. हा माणूस सत्तरीच्या पुढे हे ओझं गाणं म्हणत कसं नेत होता, हे मला अर्ध्या वाटेतच कळेनासं झालं. नानांची रोपं माझ्या छातीपर्यंत आली होती, बरीच वरून कुरतडलेली. काकूंनी एकाचा तुटका शेंडा बोटांनी चाचपला आणि हात पुढे केला. मी रायफल दिली.

तासाभराने बर्चच्या कडेला एक नर आला. काकू आडव्या झाल्या. कडी वर, मागे, पुढे, खाली. मी श्वास धरून त्याच्याकडेच बघत होतो. एकच आवाज झाला आणि तो जागच्या जागी खाली बसला.

"झालं," काकू म्हणाल्या. "वळा आता."

मला काकूंनी पहिल्या दिवसापासून कधी अहो-जाहो केलेलं नाही. त्यांचा डोळा दुर्बिणीलाच होता, तो त्या काढेनात. मी आवाज न करता पाठ फिरवली. डोळे मिटले, कानांत बोटं घातली, आणि मग वळलो.

"कळलं का त्याला?" मी विचारलं.

काकूंनी कडी मागे ओढून रिकामं काडतूस काढलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "झोपला."