पायवाले सर

सरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. आमच्या हॉस्पिटलातल्या अकाउंटंटला ते तीन वर्षं लिफ्टमध्ये रोज नव्याने नमस्कार करत होते, पण त्याच्या चपलेकडे नजर गेली की लगेच विचारायचे, "अहो, तुमचं ते अंगठ्याचं कुरूप गेलं का?" पाय मात्र ते कधी विसरले नाहीत. वॉर्डात शिरले की पेशंटच्या तोंडाकडे न बघता थेट पायथ्याशी जायचे आणि चादर वर करायचे. म्हणून सगळे त्यांना पाठीमागे 'पायवाले सर' म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि मला वाटतं, मनातून आवडतही होतं.

ते ऑक्सिजनच्या खोलीचे डॉक्टर आणि मी तिथली सिस्टर. खोलीत एक माणूस आडवा मावेल एवढी लांबट, काचेसारखी पारदर्शक टाकी होती. पेशंटला आत झोपवायचं, दार लावायचं आणि दाब हळूहळू वाढवत दीड तास शुद्ध ऑक्सिजन द्यायचा. जिथे रक्त धड पोचत नाही अशा जखमेलाही मग प्राणवायू मिळतो आणि हट्टाला पेटलेली जखम भरू लागते. सगळ्यांची नाही. हे सर स्वतःच आधी सांगून टाकत. "ही जादू नाही. साखर, ड्रेसिंग, नीट चप्पल हे पहिलं. आम्ही नुसते मदतनीस." आता इतकं खरं बोलणाऱ्या माणसाचा माल खपतो होय?

सर्जन मंडळींशी त्यांचं एकच भांडण होतं. ते पेशंट पाठवायचे, पण शेवटी. पाय कापायचं ठरलं, घरचे रडायला लागले, की कुणाला तरी आठवायचं, चला, एकदा टाकीत घालून बघू. "काळं पडलेलं बोट घेऊन मी काय त्याची पूजा करू?" सर माझ्यावर चिडायचे, कारण सर्जनवर चिडण्याइतकी त्यांची ऐपत नव्हती. त्यांचं मागणं साधं होतं. तीन-चार आठवडे चांगले उपचार करूनही जखम हलली नाही, तर काय करायचं याची एक ओळ वॉर्डाच्या छापील कागदावरच असावी: ऑक्सिजनसाठी विचारा. "ब्लडप्रेशर मोजताना कुणाला नवल वाटतं का? तसं व्हायला हवं हे." व्यवस्थापनाने त्यांना वर्षभराची मुदत दिली होती. तेवढ्यात पेशंट वाढले तर टाकी राहणार, नाहीतर ती खोली दुसऱ्या कामाला जाणार.

टाकीत ठिणगी पडली तर सगळंच संपलं, म्हणून आत तेल नको, नायलॉन नको, अंगावर दोरासुद्धा नको. आणि आमच्याकडच्या बायका दवाखान्यात जायचं म्हणजे केसांना चापून तेल लावणार आणि ठेवणीतली चकचकीत साडी नेसणार. सरांनी एक कपाट भरून सुती गाऊन शिवून घेतले होते आणि केस धुवायला शिकेकाई आणून ठेवली होती. त्र्यंबकेश्वरकडची एक म्हातारी हातातला गंडा काही केल्या सोडेना. सरांनी तो सोडवून आपल्याच मनगटाला बांधला. "दीड तास मी सांभाळतो, आजी. देव विचारायला आलाच तर मी आहे इथे." पुढे ती पद्धतच पडून गेली. कधी कधी दुपारपर्यंत त्यांच्या मनगटावर तीन-तीन गंडेदोरे दिसत, आणि ते तसेच राऊंडला जात.

पेशंट आत असला की सर स्टूल घेऊन टाकीशेजारी बसत. दाब वाढला की कानांना दडे बसल्यासारखं होतं, गिळत राहावं लागतं. पेशंटला ते समजावं म्हणून बाहेर बसून सर रिकामं तोंड चघळत, आवंढे गिळत, जांभया देत. दीड तासात पेपर नाही, मोबाईल नाही. मी म्हणायची, "सर, मी आहे ना, तुम्ही जेवून या." त्यावर ठरलेलं उत्तर यायचं, "आत माणूस एकटा असतो गं. त्याने मान वळवली की कुणीतरी दिसलं पाहिजे."

सरांनी मान वळवली तर कोण दिसत होतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. कॅन्टीनमध्ये ते येऊन बसले की बाकीच्या डॉक्टरांना एकदम कामं आठवत, कारण दुसऱ्या घासाला सर पू कसा होता यावर येत. मग ते खोलीतच डबा खाऊ लागले. एका रविवारी मी विसरलेली छत्री घ्यायला गेले, तर हे टाकी पुसत बसलेले. "घरी काचा नाहीत का पुसायला?" मी थट्टेने म्हटलं. "आहेत. पण त्यांच्या पलीकडे कुणी नसतं," ते म्हणाले, आणि फडकं पिळायला निघून गेले.

वेळेत आलेला पहिला पेशंट म्हणजे शेवंतीवाले आबा. मखमलाबादकडे त्यांची फुलशेती. डाव्या टाचेखाली जखम, मधुमेहाने दोन्ही पाय बधिर. सर्जनने स्वतःहून चिठ्ठी दिली होती. सरांनी ती मला दोनदा वाचायला लावली. आबा मात्र पहिल्या दिवसापासून संकोचलेले. सरांनी पाय हातात घेतला की ते मागे ओढायचे. "डॉक्टरसाहेब, तुमी देवमाणूस. माझे पाय नका धरू, लय पाप लागंल मला."

"पाप आपण निम्मं निम्मं वाटून घेऊ, आबा. पाय द्या इकडे."

तेरा दिवसांत जखम लालसर झाली, कडा आत सरकल्या. सर्जन खाली येऊन बघून गेले आणि पुढच्या महिन्यापासून ती ओळ कागदावर टाकू म्हणाले. त्या दिवशी सरांनी सगळ्या मजल्याला पेढे वाटले.

चौदाव्या दिवशी आबा आले ते सुनेच्या खांद्यावर हात टाकून. उजवा, चांगला पाय घोट्यापर्यंत भाजून सोलला होता. डाव्याला पट्टी, तो भिजवायचा नाही. मग उजवा तरी स्वच्छ असावा म्हणून आबा रोज पहाटे तो गरम पाण्यात बुडवून दगडाने घासत होते, आणि त्या दिवशी पाणी कढत होतं.

"पाणी किती गरम होतं, कळलं नाही का?" मी ओरडलेच.

"मला काय कळतंय, बाई? सून म्हनली, वाफा निघत्यात. मी म्हनलं, एवढा मोठा डॉक्टर हात लावतो, त्याच्या हातात मातीचा पाय कसा द्यायचा?"

 सर खाली बसून तो पाय बघत राहिले.

टाचेची जखम पुढे पूर्ण भरली. उजव्या पायात मात्र पू चढत गेला आणि तो गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टरांच्या मंगळवारच्या बैठकीत कुणी विचारायच्या आत सरच उभे राहिले. "तेरा दिवस मी त्यांच्या पायांना हात लावत होतो. घरी ते पायांचं काय करतात, हे मी एकदाही विचारलं नाही. चूक माझी आहे." टाकीचा यात काही दोष नव्हता, हे सगळ्यांना कळत होतं. पण लक्षात राहिलं ते एवढंच, की टाकीवाल्या पेशंटचा पाय गेला. ती ओळ छापली गेली नाही. वर्ष संपलं आणि टाकी ट्रकमध्ये चढली. सरांचाही करार संपला. निरोपसमारंभ झाला नाही, मी दोन वडे आणि चहा मागवला. निघताना ते म्हणाले, "तू जखमांचं काम सोडू नकोस. आणि पेशंटला आंघोळीचं पाणी कोण काढून देतं, ते आधी विचार. साखर मागाहून."

मी काम सोडलं नाही. आज द्वारका चौकाजवळच्या एका हॉस्पिटलात माझ्या हाताखाली अशा दोन टाक्या आहेत. ती ओळ आमच्या कागदावर आहे, पोरसवदा डॉक्टर तिच्यावर खूण करतात आणि पुढच्या पेशंटकडे वळतात. पाण्याचा प्रश्न मी सगळ्यात वर छापून घेतलाय. हे सगळं मी सरांना फोनवर सांगितलं, या म्हटलं. "येईन गं कधीतरी," म्हणाले. पुढे मी फोन केला नाही. कामात राहून गेलं, हे आपलं सांगायचं कारण.

गेल्या हिवाळ्यात रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, काल एक आजोबा तुमच्या दाराबाहेर बसले होते. कुठल्या पेशंटबरोबर आलात विचारलं, तर म्हणाले, कुणाबरोबर नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघत होते नुसते. मला जरा विचित्रच वाटलं."

मी तिथूनच फोन लावला. "सर, आत का नाही आलात?"

"तीन पेशंट आत गेले, तीन बाहेर आले. छान चाललंय. तू कामात होतीस."

पंधरा दिवसांनी सर गेले. मला ते कळलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता. रिसेप्शनवरची मुलगी म्हणते, त्या दिवशी ते दोन तासांपेक्षा जास्त वेळ बसले होते. त्या खुर्चीपासून माझं टेबल वीस पावलांवर आहे. मी एकदाही दार उघडून बाहेर बघितलं नाही.